पैनगंगेकाठचे ओरखडे : जो बर्फ कुणीच पाहिला नाही, तो मोजतात कसा?

वर्धाकाठ

माझे बाबा चंद्रपूरकडच्या कोळसाखाणीत सर्व्हेअर होते. मी नववीत असताना एका उन्हाळ्यात त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवून पैनगंगेकडे नेलं. नदीजवळ एका उघड्या पडलेल्या दरडीत हिरवट रंगाचे, सुयांसारखे तुटणारे पातळ थर होते आणि त्यांत मध्येच डोक्याएवढाले गोटे रुतून बसले होते. एक लाल ग्रॅनाइटचा, एक पांढऱ्या क्वार्ट्‌झाइटचा, एक पट्ट्यापट्ट्यांच्या नाइसचा. बाबा म्हणाले, "हे गोटे इथले नाहीत, बाबू. यांना कोणीतरी आणून टाकलं आहे." कोणी, विचारलं. "बर्फानं." मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात उभं राहून हे ऐकलं तेव्हा ते मला गंमत करताहेत असंच वाटलं होतं.

ते गंमत करत नव्हते. तिथून जवळच इरई नावाचं गाव आहे. (इरई नदी आणि तिच्यावरचं धरण वेगळं, हे गाव पैनगंगेकडचं.) गडचांदूर-कोरपन्याकडचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडकावर चालतात, त्याच खडकाचा पृष्ठभाग तिथे घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. 1870 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी तो नोंदवला. त्याआधी 1856 मध्ये ओडिशातल्या तालचीरच्या कोळसाक्षेत्रात विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड या भावांनी असेच परके गोटे पाहिले होते आणि हे काम बर्फाचं असावं असं लिहिलं होतं. युरोपातसुद्धा एके काळी बर्फ पसरला होता, हे लुई आगासीनं नूशातेलच्या सभेत सांगितलं 1837 साली, आणि त्याला तिथेच खूप विरोध झाला. त्यानंतर जेमतेम 19 वर्षांनी उष्ण कटिबंधातल्या भारतात बर्फ होता असं म्हणायला धीर लागला असणार. या थराला आजही 'तालचीर' म्हणतात. वर्धा खोऱ्यातला कोळसा त्याच्यावर, म्हणजे त्याच्यानंतरचा. बाबांची सगळी नोकरी त्या बर्फाच्या वरच्या मजल्यावर झाली.

बर्फ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकत्र होते. या जोडखंडाला गोंडवन म्हणतात. हे कळण्यातही ओरखड्यांचा हात आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या इनमन खोऱ्यात 1859 साली सेल्विन यांना असा घासलेला खडक सापडला. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीजवळ नूइटगेडाख्तला तो इतका सुंदर आहे की पुढे त्याच गुळगुळीत पाटीवर सान लोकांनी चित्रं कोरली. जगभरचे असे खडक जमू लागले तशी अडचण पुढे आली. ब्राझीलमधल्या खुणा सांगत होत्या की बर्फ आग्नेयेकडून आला. पण ब्राझीलच्या आग्नेयेला तर समुद्र आहे! हिमचादर उंच जमिनीवर साचते आणि उताराकडे पसरते, ती समुद्रातून वर चढून किनाऱ्यावर येत नाही. खंड सरकतात असं मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरनं खंड जोडून दाखवले तेव्हा ब्राझीलचा तो बर्फ आफ्रिकेतून येताना दिसला. अलीकडे वायव्य नामिबियातल्या काओकोलँडमध्ये पश्चिमेकडे, म्हणजे तेव्हाच्या ब्राझीलकडे, उतरणाऱ्या 30 कोटी वर्षं जुन्या हिमदऱ्यांचं जाळं ओळखलं गेलं. नॉर्वेत असतात तशाच फियोर्ड, म्हणजे बर्फानं खोदलेल्या उभ्या काठांच्या खोल दऱ्या, काठांवर ओरखडे अजून शाबूत, आणि तळाशी आज नद्या वाहतात.

धागा काढण्याचं कारण असं की हिमयुगांबद्दल वाचताना नकाशे मिळतात. पांढरा रंग, त्यावर "3 किमी जाड" असं लिहिलेलं. तो आकडा कुठून आला, हे फारसं कुणी सांगत नाही. मी गेली काही वर्षं हेच वाचतो आहे. मला जे उमगलं ते असं, की बर्फ चार प्रकारच्या खुणा ठेवून जातो: तो खाली घासतो, दूरवर वाहून नेतो, जमीन दाबतो आणि समुद्रातून पाणी उचलतो. पण या खुणांचं आयुष्य सारखं नसतं. 20 हजार वर्षांपूर्वीच्या बर्फाचे चारही साक्षीदार अजून जिवंत आहेत. 30 कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाचे बहुतेक गेलेत. इरईचा खडक हा उरलेल्यांपैकी एक.

इथे भूगर्भशास्त्र शिकलेले, थंड देशांत राहणारे बरेच जण आहेत. आपापल्या भागातलं लिहा.

---

रानवाटा

फार छान लेख. एक शंका. गोटे नदीही आणते, दरडही आणते. आणि ओरखडे म्हणाल तर आमच्याकडे घाटात रस्ता कापला की खडकावर घासल्याचे पट्टे दिसतात, तिथे कुठला बर्फ? मग बर्फाचेच ओरखडे हे ठरवतात कसं?

---

वर्धाकाठ

@रानवाटा, ही शंका सगळ्यात आधी यायला हवी अशीच आहे.

खडकात भेग पडून दोन बाजू एकमेकींवर सरकल्या की पट्टे उमटतात. ते भेगेच्या प्रतलावर असतात, म्हणजे खडकाच्या आत शिरत जातात, आणि त्यांवर बरेचदा कॅल्साइटसारख्या खनिजाचा चकचकीत लेप असतो. बर्फाचे ओरखडे जुन्या *जमिनीवर* असतात. त्यांच्यावर लगेच गोट्यांचा थर बसलेला असतो आणि जमिनीला उंचवटा असेल तर ओरखडे त्यावरून चढून जातात. उंचवट्याची एक बाजू घासून मऊ झालेली आणि दुसरी उपटल्यासारखी खडबडीत असली, तर बर्फ मऊ बाजूनं आला. ओरखडा नुसती रेघ देतो, दिशेचं टोक हा उंचवटा देतो.

गोट्यांचं म्हणाल तर नदी निवड करते. जोराचा प्रवाह मोठे गोटे टाकतो, मंद प्रवाह वाळू, आणि गोटे गोल होतात. बर्फ काहीच निवडत नाही. पिठासारखी माती आणि म्हशीएवढा धोंडा एकाच ठिकाणी सोडून देतो. बर्फात अडकलेला गोटा लोळत नाही, एकाच बाजूवर घासला जातो, म्हणून त्याला इस्त्रीच्या तळासारखी सपाट बाजू येते. आणि त्या सपाट बाजूवर पुन्हा रेघा. दरडीच्या दगडांवरही कधी रेघा उठतात, पण सपाट बाजू, परका खडक आणि खालची घासलेली जमीन, हे तिन्ही एकत्र दरड देऊ शकत नाही.

आणि मी पाहिलेले ते हिरव्या थरांतले गोटे हा तर आणखी वेगळा पुरावा. इतका बारीक गाळ शांत पाण्यातच बसतो. शांत पाणी डोक्याएवढा गोटा वाहून आणू शकत नाही. म्हणजे तो वरून पडला, तरंगत्या हिमखंडातून सुटून. गोट्याखालचे थर दबून वाकलेले असतात आणि वरचे थर त्याच्यावरून अलगद पांघरूण घातल्यासारखे जातात. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता, याची अजून हळहळ वाटते.

---

उत्तरवारा

मी उत्तर स्वीडनमध्ये उमेओला राहते. नऊ वर्षं झाली. वर्धाकाठदादांनी "दाबतो" हा शब्द वापरला, त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण आमच्या इथे जमीन अजून वर येते आहे. वर्षाला साधारण 8-9 मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण इथल्या आजीबाई सांगतात की लहानपणी जिथे होडी लावायचो तिथे आता गवत आहे, आणि हे अगदी शब्दशः खरं असतं. उत्तरेला लुलेओ नावाचं शहर आहे. बंदर उथळ झालं म्हणून 1649 मध्ये अख्खं शहर समुद्राकडे हलवावं लागलं. जुन्या जागी चर्च आणि त्याच्याभोवतीची लाल लाकडी घरं उरली आहेत, ती आज जागतिक वारसा आहेत.

लोकांना हे दिसत होतं, कारण कळत नव्हतं. तापमापकाचा तो अँडर्स सेल्सिअस, त्यानं 1731 साली येव्हलेजवळच्या लोव्हग्रुंड बेटावर एका धोंड्यावर पाण्याची पातळी कोरून ठेवली. त्याचा आणखी एक पुरावा मला फार आवडतो. सील ज्या खडकांवर येऊन बसतात ते खडक शिकारीमुळे मोलाचे असत, त्यांच्या मालकीच्या नि कराच्या नोंदी होत्या. खडक पाण्याबाहेर फार वर आला की सीलला चढता येत नाही, मग त्याची किंमत जाते. त्या जुन्या कागदांवरून त्यानं पाणी किती उतरलं याचा हिशेब केला. त्याला वाटलं समुद्रच आटतो आहे. जमीन बर्फाच्या वजनानं दबली होती आणि ओझं उतरल्यावर वर येते आहे, हे स्कॉटलंडच्या थॉमस जेमिसननं 1865 मध्ये मांडलं.

उमेओच्या दक्षिणेला 'हेगा कुस्तेन' म्हणजे उंच किनारा आहे. तिथल्या स्कूलेबेर्गेत डोंगरावर समुद्राची सर्वांत जुनी रेषा आजच्या पातळीपासून 286 मीटर उंचावर आहे. त्या रेषेखाली लाटांनी माती धुऊन नेलेला उघडा खडक आणि गोटे, आणि वर डोंगराच्या टोपीवर न धुतलेल्या हिममातीत झाडी. मी पहिल्यांदा वर चढले तेव्हा बराच वेळ कुणाशी बोलले नाही. एवढ्या उंचीवर समुद्रकिनारा, आणि त्याच्या वरही कधीकाळी किलोमीटर-किलोमीटर बर्फ.

ही रेषा हा शास्त्रज्ञांचा आकडाच आहे. वेगवेगळ्या उंचीवर लहान लहान तळी आहेत. जमीन वर आली तशी एकेक तळं समुद्रापासून तुटलं. तळ्याच्या गाळात नळी घालून काढलं की खाली खाऱ्या पाण्यातल्या शैवालांची सूक्ष्म कवचं, वर गोड्या पाण्यातल्यांची. तो बदल जिथे होतो तिथल्या पालापाचोळ्याचं वय रेडिओकार्बननं, म्हणजे त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून, काढायचं. एका तळ्यातून एक उंची आणि एक तारीख मिळते. अशी शेकडो तळी जोडली की जमीन कोणत्या वेगानं उठली याची वक्ररेषा तयार होते.

---

गणितप्रेमी

उत्तरवाराताई, सुंदर. पण जमीन किती उठली यावरून बर्फ किती जाड होता हे थेट कसं निघेल? जमिनीखालचा खडक किती घट्ट यावरही ते अवलंबून असणार. एका समीकरणात दोन अज्ञात झाले.

---

उत्तरवारा

@गणितप्रेमी, बरोबर बोट ठेवलंत. नेमकी हीच अडचण आहे.

बर्फ बराच काळ टिकला तर तो आपल्या वजनाइतका प्रावरणाचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचा, खडक बाजूला सारतो. बर्फाची घनता घनमीटरला साधारण 910 किलो, प्रावरणाची 3300. म्हणजे 3 किमी बर्फाखाली जमीन सुमारे 800 मीटर दबते. पण परत किती *हळू* वर येते हे प्रावरणाच्या दाटपणावर. नॉर्मन हॅस्केलनं 1935 मध्ये इथल्याच किनाऱ्यांच्या मोजमापांवरून तो दाटपणा काढला, 10 चा 21 वा घात पास्कल-सेकंद. आजही तो आकडा फारसा हललेला नाही. मधापेक्षा, डांबरापेक्षा कितीतरी दाट, पण हजारो वर्षांच्या हिशेबात वाहणारा.

दोन अज्ञात सोडवायला दुसरं समीकरण लागतं. ते बर्फाच्या कडेकडून येतं. कड कुठे होती हे कळतं, कारण पुढे रेटलेल्या मातीचे बांध राहतात. कड कधी मागे हटली तेही कळतं. येरार्ड दे येर या स्वीडिश माणसानं 1878 मध्ये पाहिलं की इथल्या चिकणमातीत उन्हाळ्याचा फिकट थर आणि हिवाळ्याचा गडद थर अशा जोड्या असतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष. तो विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन स्टॉकहोमपासून उत्तरेकडे खड्डे मोजत गेला. बर्फ जसा मागे हटला तसा प्रत्येक उत्तरेकडच्या खड्ड्यात सगळ्यात खालचा थर जरा नंतरच्या वर्षाचा. झाडाच्या वलयांसारखं, पण बर्फ दरवर्षी किती मीटर मागे गेला हे थेट सांगणारं. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय, हातानं, चिखलात उभं राहून!

---

वर्धाकाठ

कडेवरून जाडी कशी काढतात ते मी लिहितो, कारण ते कुणालाही घरी करता येतं.

बर्फ आपल्याच वजनानं वाहतो, म्हणून तो हवा तितका उंच साचू शकत नाही. बर्फ विशिष्ट ताणापर्यंत टिकतो आणि त्यापुढे सरकतो असं धरलं, तर एक साधं सूत्र मिळतं. कडेपासूनचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, 4.7 नं गुणा. कडेपासून 100 किमी आत: 1 लाखाचं वर्गमूळ 316, म्हणजे जाडी साधारण 1500 मीटर. 400 किमी आत: सुमारे 3000 मीटर. नकाशावरचे ते "3 किमी" हवेतून आलेले नाहीत.

पण हे कडक खडकावर. खाली ओला चिखल असेल तर बर्फ घसरतो आणि खूपच चपटा राहतो. उत्तर अमेरिकेच्या लॉरेंटाइड हिमचादरीचं क्षेत्रफळ जवळपास 1 कोटी 30 लाख चौरस किमी, म्हणजे आजच्या भारताच्या चौपट होतं. तिच्या दक्षिणेकडच्या जिभा, मिशिगन सरोवराच्या बाजूच्या, अशाच पातळ नि पसरट होत्या. म्हणून आता संगणकावर प्रत्येक ठिकाणच्या जमिनीप्रमाणे ताणाचा आकडा बदलतात, बर्फ उभा करतात, त्यानं जमीन किती दबेल ते काढतात आणि मग उत्तरवाराताईंच्या तळ्यांशी ताडून बघतात. जुळलं नाही की पुन्हा.

उत्तर जर्मनीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथल्या मैदानात स्वीडन-फिनलंडचे धोंडे पडलेले असतात. बराच काळ मत असं होतं की समुद्र चढला होता आणि तरंगत्या हिमखंडांनी ते आणले. स्वीडिश भूवैज्ञानिक ओट्टो टोरेल 1875 च्या नोव्हेंबरात बर्लिनजवळच्या र‍्यूडर्सडॉर्फच्या खाणीत गेले आणि त्यांना खडकावर ओरखडे दिसले. तरंगणारा बर्फ खालची जमीन अशी घासत नाही. त्याच संध्याकाळी बर्लिनच्या सभेत त्यांनी सांगितलं की स्वीडनचा बर्फ जमिनीवरून इथवर आला होता. तो खडक कोणता? चुनखडक. इरईसारखाच. आणि साधारण त्याच दशकात.

---

अश्मक

इरईचं पटलं. पण तेव्हा भारत ध्रुवाजवळ होता हे ओरखड्यांवरून ठरवणं आणि ओरखडे बर्फाचे हे भारत ध्रुवाजवळ होता यावरून ठरवणं, असा गोल गोल फेरा तर होत नाही ना?

---

वर्धाकाठ

@अश्मक, वेगेनरच्या काळात हा आक्षेप घ्यायला जागा होती. नंतर चुंबकानं तो सोडवला, आणि त्याला बर्फाशी काही देणंघेणं नाही. लाव्हा थंड होताना किंवा गाळ बसताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेनं गोठतात. विषुववृत्तावर क्षेत्र आडवं, ध्रुवाकडे जावं तसं उभं. झुकावाचा टॅन्जन्ट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जन्टची दुप्पट. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातला झुकाव सांगतो की 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा सुमारे 30 अंश *दक्षिणेला* वाहिला. सह्याद्रीचा प्रत्येक कातळ हा पुरावा अंगावर घेऊन उभा आहे. त्याहून जुन्या, गोंडवन काळातल्या खडकांत झुकाव आणखी उभा, म्हणजे आपण आणखी दक्षिणेला.

तिसरा स्वतंत्र साक्षीदार जीवाश्मांचा. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला तालचीर थरांत यूरिडेस्मा नावाच्या शिंपल्या सापडतात. हाच थंड पाण्यातला शिंपला ऑस्ट्रेलियातही मिळतो. आणि आपलं भारती संशोधन केंद्र, 2012 पासूनचं, अंटार्क्टिकाच्या लार्सेमन टेकड्यांवर ज्या किनाऱ्याला आहे, तो किनारा आणि भारताचा पूर्व किनारा एकेकाळी एकमेकांना लागून होते.

---

मांडवीतीर

वाचनखूण साठवली. मी गोव्यात राहतो, समुद्राच्या गाळावर काम करणाऱ्यांमध्ये ऊठबस असते, तेव्हा "पाणी उचलतो" यावर थोडं.

पाण्यातला ऑक्सिजन हलका (16) आणि जड (18) असा दोन प्रकारचा. हलक्या ऑक्सिजनचं पाणी सहज उडतं. ते बर्फ होऊन जमिनीवर अडकलं की मागे राहिलेला समुद्र जड होतो. समुद्रातले फोरॅमिनिफेरा नावाचे, वाळूच्या कणाएवढे जीव त्याच पाण्यातून कवच बनवतात, मरतात, तळाला जातात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अरबी समुद्रातून काढलेल्या अशा गाळाच्या नळ्यांवर काम चालतं. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कवच वेचायचं. एका नमुन्यात दिवस जातो.

सेझारे एमिलियानी यांनी 1955 मध्ये यावरून हिमयुगांची मालिका वाचली, पण त्यांना वाटलं की हा बदल मुख्यतः पाण्याच्या तापमानाचा. निकोलस शॅकल्टन यांनी 1967 मध्ये तळाशी राहणाऱ्या जीवांची कवचं घेतली. खोल तळाचं पाणी आधीच इतकं गार की आणखी फार गार होऊच शकत नाही, तरी बदल तेवढाच! म्हणजे तो बहुतांशी बर्फाचा. एका फटक्यात साऱ्या जगाच्या बर्फाचा एकत्र ताळेबंद हाती आला. कुठे किती बर्फ हे मात्र त्यातून कळत नाही, बँकेच्या खात्यातली एकूण शिल्लक कळावी तसं.

शिल्लक तपासायला पोवळी आहेत. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाला एका जातीचं पोवळं अगदी पृष्ठभागाजवळच वाढतं. 1989 मध्ये रिचर्ड फेअरबँक्स यांनी तिथे खोल खणून बुडालेली पोवळी काढली. शेवटच्या हिमयुगाच्या कळसाला समुद्र सुमारे 120 मीटर खाली होता. आपल्या कोकणच्या किनाऱ्यासमोरचा उथळ समुद्रतळ तेव्हा बराचसा कोरडी जमीन होता.

---

रानवाटा

मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराच्या झाडांचे उभे बुंधे सापडले होते, असं वाचलं आहे. ते यामुळेच का?

---

मांडवीतीर

@रानवाटा, सापडले होते, खरं आहे. पण झाड समुद्राखाली गेलं म्हणजे समुद्र चढला की तिथली जमीन खचली, हे एका जागेवरून ठरत नाही. म्हणूनच समुद्रपातळीसाठी स्थिर आणि जुन्या बर्फापासून दूरच्या जागा लागतात.

त्यातही एक खाच आहे. मोठी हिमचादर आपल्या गुरुत्वाकर्षणानं समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरते. ती वितळली की तिच्याजवळचा समुद्र *उतरतो* आणि दूरचा जास्त चढतो. त्यामुळे जगभरात पाणी कुठे किती चढलं याचा नमुना पाहून कोणता बर्फ वितळला हे शोधता येतं.

आणि इथे हिशेब बरीच वर्षं जुळत नव्हता. कॅनडा, स्कँडिनेव्हिया, अंटार्क्टिका, एकेका हिमचादरीचा स्थानिक पुराव्यानं काढलेला बर्फ जोडला तर समुद्र 120-130 मीटर खाली जाण्याइतका भरतच नव्हता. याला 'हरवलेला बर्फ' असंच म्हणतात. 2021 मध्ये इव्हान गोवन आणि सहकाऱ्यांनी गेल्या 80 हजार वर्षांची मांडणी केली, वर्धाकाठांनी सांगितलेल्या त्याच वर्गमूळवाल्या पद्धतीच्या सुधारित रूपानं. त्यांनी दूरच्या समुद्राचे आकडे आधी न धरता बर्फाच्या कडा आणि जवळच्या जमिनीची उठावणी यांवरून बर्फ उभा केला. त्यांचा समुद्र सुमारे 116 मीटर खाली जातो आणि त्यांचं म्हणणं की तेवढ्यावर दूरच्या खुणाही समजावता येतात. सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही. वाद चालू आहे, आणि तो 10-15 मीटरचा आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते.

---

गणितप्रेमी

मग इरईच्या बर्फाची जाडी सांगा ना, वर्धाकाठ. तिथे तळी नाहीत, पोवळी नाहीत.

---

वर्धाकाठ

तिथेच माझा जीव अडतो.

दबलेली जमीन काही दहा हजार वर्षांत वर येऊन जाते. 30 कोटी वर्षांनंतर त्याची काहीच आठवण उरत नाही. रेडिओकार्बन 50 हजार वर्षांपलीकडे चालत नाही. धोंडा बर्फातून उघडा पडल्यापासून किती वर्षं झाली हे सांगणारी बेरिलियम-10 ची पद्धत आहे. वैश्विक किरणांमुळे ग्रॅमभर क्वार्ट्‌झमध्ये वर्षाला चारएक अणू तयार होतात, आणि माणसं तेवढे अणू मोजतात! पण बेरिलियमचं अर्धायुष्य सुमारे 14 लाख वर्षं. इतक्या जुन्या धोंड्यासाठी तेही निरुपयोगी. कडेचे मातीचे बांध झिजून गेले. नद्यांनी, नंतरच्या समुद्रांनी, आपल्याकडे दख्खनच्या लाव्हानं वरून झाकून टाकलं. कड कुठे होती हेच नीट माहीत नाही, तर वर्गमूळ कशाचं काढू?

उरतं काय? ओरखड्यांची दिशा. गोट्यांचं मूळ गाव. गाळातल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांचं वय, ज्यावरून तो गाळ कुठल्या डोंगरातून आला ते कळतं. नामिबिया-दक्षिण आफ्रिकेत हिमगाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीची राख आहे, तिच्यातल्या झिरकॉनवरून थेट तारीख मिळते. आपल्या तालचीरमध्ये वय ठरवायला मुख्य आधार परागकण आणि बीजाणूंचा.

आणि एक साक्षीदार फार दूरचा. तेव्हा विषुववृत्ताजवळ असलेल्या अमेरिकेत, इलिनॉयकडे, कोळसा, समुद्रातला चुनखडक, पुन्हा कोळसा, पुन्हा चुनखडक असे थर कित्येक वेळा येतात. दलदल, समुद्र, दलदल, समुद्र. 1936 मध्ये वॅनलेस आणि शेपर्ड यांनी मांडलं की हा समुद्र वर-खाली करणारा हात म्हणजे गोंडवनावरचा वाढणारा नि वितळणारा बर्फ. म्हणजे आपल्याकडे बर्फ साचला की अमेरिकेत समुद्र मागे सरायचा. इरईच्या खडकाची जोडीची नोंद इलिनॉयच्या खाणीत सापडावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

जाडीचा एक आकडा कुणी दिला तर मी तरी तो सावधपणे घेईन. आधी चित्र होतं एकच प्रचंड हिमचादर, साऱ्या गोंडवनावर, कोट्यवधी वर्षं अखंड. दिशा आणि तारखा जमत गेल्या तसं ते मोडलं. आता बहुतेकांचं मत की अनेक लहानमोठी केंद्रं होती, वेगवेगळ्या वेळी वाढली आणि विरली. अशी चित्रं मोडली की काही लोक म्हणतात, शास्त्रज्ञांचं काही खरं नाही. मला उलट वाटतं. एका साक्षीदाराच्या जोरावर काढलेलं चित्र दुसरा साक्षीदार आल्यावर बदललं, याचाच अर्थ साक्षीदारांचं ऐकून घेतलं जातं.

म्हणून त्या खडकाची काळजी वाटते. आजूबाजूला चुनखडकाच्या खाणी आहेत आणि खाणीला ओरखडा वाचता येत नाही. चंद्रपूर-यवतमाळच्या शाळांची सहल वर्षातून एकदा तरी तिथे जावी, गावातल्या लोकांना त्याची गोष्ट ठाऊक असावी, एवढं झालं तरी कुणी सुरुंग लावण्याआधी दोन जण आडवे येतील.

---

वणीकर

वर्धाकाठ भाऊ, मी वणीचा. हा धागा काल रात्री आईला वाचून दाखवला. आमच्या जुन्या घराच्या ओसरीपाशी एक गोटा आहे, आजोबांनी शेतातून आणलेला. लालसर, एक बाजू अगदी सपाट. आई त्यावर बसून भाजी निवडते. त्या सपाट बाजूवर बारीक रेघा आहेत असं ती म्हणते, मला नीट दिसल्या नाहीत. कसं ओळखू?

---

वर्धाकाठ

वणीकर, आधी काकूंना माझा नमस्कार सांगा. रेघा त्यांनाच दिसणार, रोज हात फिरतो ना.

गोटा फोडू नका, घासूनही काढू नका. सपाट बाजू ओल्या फडक्यानं नुसती पुसा आणि सकाळी सातच्या सुमारास, ऊन तिरपं असताना, अंगणात ठेवा. दुपारच्या उन्हात रेघा दिसत नाहीत. गोटा हळूहळू फिरवत राहा, एका कोनात सावल्या पडतील. रेघा समांतर आहेत का, एकाहून जास्त दिशांना आहेत का, सपाट बाजूची कड घासून गोल झाली आहे का, ते बघा. नांगराची खूण असेल तर ती एकटी, खोल आणि ताज्या रंगाची असते. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा आणि इथेच टाका. आणि आजोबांचं ते शेत नेमकं कुठल्या बाजूला होतं, नाल्याच्या काठाला की वर मुरमात, ते काकूंना आठवतं का विचारा.